चावडीतील शिळा आणि तिच्यावर नसलेली नावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातील जुनी चावडी पाडून तेथे ग्रामपंचायतीची नवी इमारत बांधण्याचे ठरले आहे. चावडीच्या दर्शनी भिंतीत एक पांढरी संगमरवरी शिळा बसवलेली असून तिच्यावरील इंग्रजी मजकुराचा अर्थ ‘या गावातून ३८ माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, त्यांपैकी ५ जणांनी प्राण दिले’ असा आहे. शिळेवर एकही नाव नाही आणि गावात आज कोणाला ही माणसे ठाऊक नाहीत. ती ‘गुलामीची खूण’ आहे, तेव्हा राडारोड्याबरोबर जाऊ द्यावी, असे काहींचे म्हणणे आहे, तर तिच्या जागी नवी ग्रॅनाइटची पाटी लावावी, असे इतरांचे मत आहे. ही शिळा नेमकी काय आहे, नावे सापडू शकतील का आणि ती हलवायची झाल्यास कशी हलवावी, असे आपण विचारले आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील आणि कोकणातील अशा शिळांच्या नोंदी मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या अनुभवावरून माझे मत आधीच स्पष्टपणे मांडतो. शिळा मूळ स्वरूपात जपावी, तिच्याऐवजी नवी पाटी लावू नये. परत न आलेल्या पाच जणांपैकी बहुतेकांची नावे सापडण्याची चांगली शक्यता आहे. परत आलेल्यांची नावे शोधणे अवघड असले, तरी काही तरी नक्कीच हाती लागतील. मात्र हे काम चावडी उभी असतानाच सुरू झाले पाहिजे, कारण शिळा भिंतीतून निघाली की तिच्याविषयी बोलणाऱ्या माणसांच्या आठवणींचा आधारही जातो, असे मी पुनःपुन्हा पाहिले आहे.

पहिल्या महायुद्धानंतर ज्या गावांनी बरीच माणसे सैन्यात धाडली होती, त्या गावांत तेव्हाच्या सरकारने अशा शिळा बसवल्या. चावडी, शाळा, देवळाचा सभामंडप किंवा रस्त्याकडेचा स्वतंत्र चौथरा या त्यांच्या नेहमीच्या जागा. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला तर सैनिकी परंपरेमुळे ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच नाव पडले आहे. या शिळांवरील मजकूर जवळजवळ एकाच साच्याचा असतो आणि गावागणिक फक्त दोन आकडे बदलतात. १९१९ हे वर्ष पाहून अनेकांना चूक झाल्यासारखे वाटते, पण ती चूक नव्हे. लढाई ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबली असली, तरी व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी झाला आणि युद्धाचा काळ तेथपर्यंत धरला गेला.

नावे का नाहीत, हा खरा प्रश्न आहे. शिळा हा सरकारी हिशेबाचा भाग होता. कोणत्या गावाने किती माणसे दिली, हे सांगणे हा तिचा हेतू होता, आणि गावाने आपल्या माणसांची आठवण ठेवावी हा हेतू असलाच तर दुय्यम होता. ज्यांची ही माणसे होती त्यांना शिळा बसली तेव्हा नावे ठाऊकच होती. ती कोरण्याची गरज त्यांना तेव्हा वाटली नसावी. तिसऱ्या-चौथ्या पिढीत आठवण विरली आणि आकडे तेवढे उरले.

ही माणसे कोठे गेली असतील, याचा अंदाज बांधता येतो. आपले गाव ज्या भागात आहे तेथून भरती मुख्यतः मराठा पलटणींत होत असे. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या त्या काळच्या सहा मराठा पलटणी होत. या सर्व पलटणींचे मुख्य रणांगण मेसोपोटेमिया, म्हणजे तेव्हा तुर्कांच्या ताब्यात असलेला आजचा इराक, हे होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये शत-अल-अरब नदीच्या मुखाशी फाव येथे जे पहिले सैन्य उतरले, त्यात ११७वी पलटण होती, आणि त्याच महिन्यात बसरा हाती आले. पुढच्या वर्षी पुणे येथील सहावी डिव्हिजन टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या रोखाने वर सरकत गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळील टेसिफोनच्या लढाईत तिची मोठी हानी झाली, ती मागे फिरली आणि कुत-अल-अमारा या गावात वेढली गेली. डिसेंबर १९१५ च्या पहिल्या आठवड्यापासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत हा वेढा चालला. १०३, ११० आणि ११७ या तीनही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या, आणि मुंबईच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे पूल-खंदक बांधणाऱ्या सैनिकांच्या, तुकड्याही होत्या.

कुतविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्याकडील शिळांवरील ‘प्राण दिले’ या आकड्याचा मोठा भाग तेथे आणि त्यानंतरच्या बंदिवासात आहे. वेढ्यात धान्य संपत गेले, तेव्हा घोड्यांचे आणि खेचरांचे मांस वाटले जाऊ लागले. धर्माच्या आणि जातीच्या बंधनामुळे, आणि घरी परतल्यावर आपल्याला पंगतीत कोण घेईल या भीतीमुळे, बहुतेक हिंदी सैनिकांनी ते अखेरच्या दिवसांपर्यंत नाकारले. शरणागतीनंतर सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली आणि त्यांत हिंदी सैनिक व सैन्याबरोबरचे नोकरचाकर बहुसंख्य होते. उन्हाळ्यात, अर्धपोटी, वाळवंटातून त्यांना पायी चालवण्यात आले आणि पुढे आजच्या सीरियातील रास-अल-ऐन येथे रेल्वेमार्गाच्या कामाला लावण्यात आले. वाटेत आणि तेथे किती तरी जण आजाराने व उपासमारीने मेले. त्यामुळे ‘आमच्या पणजोबांना तुर्कांनी धरून नेले, पुढे काही कळले नाही’ अशी आठवण एखाद्या घरात निघाली, तर ती दंतकथा समजून सोडून देऊ नका, कारण ती बहुधा कुतची आहे.

पुढील वर्षांत उरलेल्या मराठा पलटणीही त्याच आघाडीवर लढल्या. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडले. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस उत्तर इराकमधील शर्कतच्या लढाईत ११४व्या पलटणीने इतके शौर्य गाजवले की त्या एका लढाईसाठी तिला २८ पदके मिळाली. १९२२ मध्ये सैन्याची पुनर्रचना झाली आणि या सर्व पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन झाल्या. १०३वी पहिली बटालियन झाली, १०५वी दुसरी, ११०वी तिसरी, ११६वी चौथी, ११७वी पाचवी आणि ११४वी दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची. शोध घेताना हे कोष्टक जवळ ठेवावे, कारण युद्धकाळातील कागदावर ‘११०’ असते आणि त्याच माणसाच्या पेन्शनच्या कागदावर ‘तिसरी बटालियन’ असू शकते. एकाच माणसाला दोन माणसे समजण्याची चूक यातूनच होते.

आता नावांकडे येऊ. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची थडगी सापडत नाहीत अशा ४० हजारांहून अधिक जणांचे स्मारक बसरा येथे आहे. ते १९२९ मध्ये खुले झाले आणि १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून वाळवंटात उभारण्यात आले. त्या स्मारकाच्या दगडांवर इंग्रज सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, पण साध्या हिंदी सिपाहांची नाहीत. पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतके अन्य हिंदी सैनिक’ एवढाच आकडा आहे. म्हणजे आपल्या गावच्या चावडीत जे आहे तेच बसऱ्यातही आहे: दोन्ही ठिकाणी संख्या कोरली आहे आणि माणूस गळला आहे. ज्या संस्थेकडे या स्मारकांची जबाबदारी आहे त्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननेच २०२१ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध करून ही विषमता मान्य केली. सुमारे ४५ ते ५४ हजार जणांचे स्मरण असमान रीतीने केले गेले आणि किमान १ लाख १६ हजार जणांचे नाव कोठेच नोंदले गेले नाही, किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही, असे त्यात म्हटले आहे. या दुसऱ्या आकड्यात पूर्व आफ्रिकेतील आणि इजिप्तमधील माणसे अधिक आहेत, पण दृष्टिकोन एकच होता.

सुदैवाने बसऱ्याच्या दगडावर नसलेली सिपाहांची नावे कागदी याद्यांत होती आणि आता ती याच आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. तेथे सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, पलटण आणि मृत्यूची तारीख मिळते आणि कित्येक नोंदींत ‘अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक तालुका, अमुक जिल्हा’ अशी जास्तीची माहिती असते. सर्वांत आधी याच रकान्यात गावाचे नाव शोधावे. दिल्लीच्या इंडिया गेटवर नावे असतील असे पुष्कळांना वाटते. तेथे सुमारे १३ हजार नावे आहेत, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत, त्यामुळे मेसोपोटेमियात गेलेला आपला माणूस तेथे सापडणार नाही.

या शोधात सर्वांत जास्त वेळ खातो तो गावाच्या आणि माणसाच्या नावाचा इंग्रजी अवतार. पलटणीतील लेखनिकाने कानाने जे ऐकले ते लिहिले, म्हणून एकच गाव चार तऱ्हांनी लिहिलेले आढळते. ‘व’साठी कधी व्ही तर कधी डब्ल्यू, ‘श’साठी नुसता एस, शेवटचा अनुस्वार गायब, ‘वाडी’ आणि ‘बुद्रुक’ सोडून दिलेले. पूर्ण नाव टाकून काही मिळाले नाही, तर गावाच्या नावाची पहिली चार-पाच अक्षरे घेऊन सर्व पर्याय करून पाहावेत. माणसांच्या बाबतीत आडनाव अनेकदा नसतेच, ‘पांडू, रामाचा मुलगा’ एवढेच असते. अशा वेळी बापाचे नाव हाच खरा धागा असतो.

जिल्ह्यांच्या सीमांचेही भान ठेवावे लागते. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्ग होता, जो १९८१ मध्ये वेगळा झाला. आजचा रायगड तेव्हा कुलाबा होता. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग साताऱ्यात होता. शिवाय मध्येमध्ये सावंतवाडी, कोल्हापूर, भोर, औंध, फलटण, जत, जंजिरा अशी संस्थाने होती. एका नोंदीत ‘खेड’ तालुका पाहून मी एक नाव रत्नागिरीतील गावाच्या यादीत घातले होते आणि ते गावकऱ्यांना कळवलेही होते. पुढे बापाच्या नावावरून आणि पलटणीच्या इतर कागदांवरून लक्षात आले, की तो माणूस पुणे जिल्ह्यातील खेडचा होता. त्या घरी जाऊन ती चूक सांगणे मला फार जड गेले. तेव्हापासून दोन स्वतंत्र पुरावे जुळल्याशिवाय मी कोणत्याही घराला ‘हा तुमचाच माणूस’ असे सांगत नाही, आणि आपणही सांगू नये.

३८ या आकड्यात सगळे बंदूकधारी सिपाही होते असे मुळीच धरू नका. मेसोपोटेमियात हिंदुस्थानातून ५ लाख ८० हजारांहून अधिक माणसे गेली आणि त्यांत निम्म्याच्या आसपास न लढणारी होती: खेचरे हाकणारे, भिस्ती, स्वयंपाकी, धोबी, हमाल, बोटींवरचे आणि रस्त्यांवरचे मजूर. त्यांचीही गणना गावाच्या आकड्यात झालेली असते. आपले गाव खाडीकाठचे असेल तर खलाशांचाही विचार करावा. पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये आहे आणि त्यांची नावेही आयोगाच्या त्याच यादीत शोधता येतात. कोकणातील कित्येक घरांचा माणूस पलटणीच्या याद्यांत सापडत नाही तो यामुळे.

त्याचप्रमाणे ‘मराठा पलटण’ या नावावरून ही सारी माणसे मराठा समाजाचीच होती असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली होती आणि तिच्याविरुद्ध महाडजवळच्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये विनंतिअर्ज तयार केला होता. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी करण्यात आली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यातही आली. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत ही दारे बंदच राहिली. म्हणून चौकशी करताना गावठाणातील चार मोठ्या घरांवर थांबू नका. प्रत्येक वाडीत, बौद्धवाडीत, मुसलमान मोहल्ल्यात जाऊन विचारा. एका गावात शिळेवरील चार मृतांपैकी तीन नावे लगेच मिळाली आणि चौथे दोन वर्षे मिळेना. ते अखेर बौद्धवाडीतील एका आजींच्या तोंडून मिळाले, आणि त्यांना तोवर कोणी विचारलेच नव्हते.

घरोघर विचारताना ‘पहिले महायुद्ध’ हा शब्द फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो पुस्तकातला आहे. ‘बसऱ्याला कोण गेले होते’, ‘जर्मनच्या लढाईत कोण होते’, ‘कोणाच्या घरी पलटणीची पेन्शन येत असे’, ‘कोणाकडे जुने बिल्ले आहेत’ असे विचारावे. पदकांना जुनी माणसे बिल्लेच म्हणतात. घरात चांदीचे गोल पदक निघाले तर त्याची कड भिंगाखाली पाहावी, कारण त्यावर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. १९१४-१५ चा तारा असेल तर हीच माहिती त्याच्या पाठीवर असते. न लढणाऱ्यांना दिलेले तेच पदक चांदीऐवजी ब्राँझचे असे. मृत सैनिकाच्या घरी सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची एक जाड तबकडीही पाठवली जात असे. तिच्यावर हुद्दा न घालता फक्त नाव उठवलेले असते. अशी एक तबकडी मला एका घराच्या देव्हाऱ्यात सापडली. तीन पिढ्या तिला कुंकू वाहिले जात होते, ती कशाची आहे हे घरात कोणाला ठाऊक नव्हते आणि अक्षरे झिजून हाताला लागेनाशी झाली होती. अंधार करून बाजूने विजेरी धरली तेव्हा नाव वाचता आले. घरातील माणसे बराच वेळ काही बोलली नाहीत. ती तबकडी आजही देव्हाऱ्यातच आहे आणि ती तेथेच असावी असे मला वाटते. अशा वस्तू गोळा करून कार्यालयात आणू नका. फोटो घ्या, मापे घ्या आणि ज्याची त्याच्याकडे राहू द्या.

गावच्या दप्तरात काय मिळेल, हा बहुतेकांनी दुर्लक्षिलेला भाग आहे. जन्ममृत्यूच्या नोंदीचे कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, सर्वजण आधी मागतात, पण परमुलखात मेलेल्या माणसाचा मृत्यू त्यात बहुधा नसतो. तेथे त्याचा जन्म मिळू शकतो आणि वयाचा मेळ घालायला तो उपयोगी पडतो. मृत्यूचा माग लागतो तो गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. माणूस मेला की त्याच्या नावची जमीन वारसांच्या नावे चढते आणि तशी नोंद करताना ‘अमका मयत, सबब वारस’ असे कारण लिहावे लागते. १९१५ ते १९२२ या काळातील वारसाचे फेरफार ओळीने वाचून काढावेत आणि त्यांतील तरुण वयाच्या पुरुषांची नावे आयोगाच्या यादीशी ताडून पाहावीत. जमीन बापाच्याच नावावर असेल तर मुलाच्या मृत्यूची अशी नोंद होणार नाही, ही या साधनाची मर्यादा आहे. पण मला सर्वाधिक नावे याच मार्गाने मिळाली आहेत. तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षात या वह्या असतात. त्यांपैकी जुन्या नोंदी मोडीत निघाल्या तर मोडी वाचणाऱ्याला सोबत घ्यावे आणि अंदाजाने वाचू नये. शाळेचे जुने जनरल रजिस्टरही पाहावे. परत आलेल्या सैनिकांची मुले पुढे शाळेत आली तेव्हा पालकाच्या व्यवसायापुढे ‘पेन्शनर’ असे लिहिलेले सापडते, आणि ३८ पैकी परतलेल्या ३३ जणांपर्यंत पोहोचण्याचा तो एक रस्ता आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि बेळगाव येथील मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेजिमेंटल सेंटरकडे लेखी चौकशी करावी, मात्र त्यांना पाठवताना नाव, क्रमांक आणि पलटण यांपैकी किमान दोन गोष्टी हाती असाव्यात. ‘आमच्या गावातून कोण गेले होते ते कळवा’ अशा पत्राला उत्तर देणे त्यांना शक्य नसते.

आकडे न जुळल्यास घाबरू नये. आयोगाच्या नोंदीत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातील मृत्यू येतात, तर शिळेवरचा हिशेब त्याआधीच मिटवलेला असतो. पलटणीच्या छावणीत १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मेलेला सैनिक आयोगाच्या यादीत असतो, पण गावाच्या आकड्यात तो धरला गेला असेल असे नाही. आजारी होऊन घरी आला आणि वर्षभराने गेला, असा माणूस तर बहुधा दोन्हीकडे नसतो, जरी घरच्यांसाठी तो युद्धातच गेलेला असतो. पाचाऐवजी सहा किंवा सात नावे निघाली, तर शिळा खोटी ठरत नाही आणि नावेही खोटी ठरत नाहीत.

‘गुलामीची खूण’ या आक्षेपाला मी हलके लेखत नाही. ही लढाई आपली नव्हती, ती साम्राज्याची होती, आणि शिळेवरील भाषाही त्याच साम्राज्याची आहे. पण या माणसांनी नाव का नोंदवले, हे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, त्याच सुमाराला सुरू झालेला प्लेग, कोकणातील तुकड्या-तुकड्यांची शेती, आणि दुसरीकडे सिपाहाचा महिना ११ रुपये पगार, जो रोकड स्वरूपात घरी येत असे. शिवाय त्या काळचे राजकारणही आज वाटते तितके सरळ नव्हते. लोकमान्य टिळकांनी स्वराज्याच्या आणि हिंदी लोकांना सैन्यात अधिकारपदे मिळण्याच्या मागणीशी सैन्यभरती जोडली होती आणि जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना बोलताना अडवले तेव्हा ते सभा सोडून गेले. गांधीजी त्याच वर्षी खेडा जिल्ह्यात भरतीसाठी गावोगाव फिरत होते. अशा काळात गावातील एका विशीतल्या मुलाने घेतलेल्या निर्णयावर आज आपण निवाडा देणे मला उचित वाटत नाही. शिळा सरकारने बसवली, पण त्या आकड्यामागील माणसे गावची आहेत. ती फेकून दिल्याने साम्राज्याचे काही जात नाही, गावाचे मात्र जाते. हे ग्रामसभेत शांतपणे सांगावे, आणि शक्य झाल्यास एखादे नाव सापडल्यानंतर सांगावे. त्या नावाचे वारस सभेत बसलेले असतील, तर वाद पुष्कळसा आपोआप मिटतो.

कायद्याच्या आधाराविषयीही दोन शब्द लिहितो. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमात शंभर वर्षे जुना कोरीव लेख पुरावस्तूच्या व्याख्येत बसू शकतो. पण त्या कायद्याचा रोख मुख्यतः व्यापार आणि परदेशी नेणे यांवर आहे, गावातील बांधकामात शिळा फुटू नये याची हमी तो देत नाही. तशी हमी ग्रामसभेचा ठरावच देऊ शकतो. ठरावात शिळेचा मजकूर, मापे, सध्याची जागा, तात्पुरती ठेवण्याची जागा, जबाबदार व्यक्तीचे पद आणि नव्या इमारतीतील जागा हे सारे लिहावे, आणि इमारतीच्या नकाशात ती जागा अभियंत्याकडून दाखवून घ्यावी. नकाशात नसलेली शिळा पुढे कोठे तरी कोपऱ्यात पडून राहते.

शिळा काढण्याआधी तिचे फोटो समोरून आणि बाजूने येणाऱ्या प्रकाशात घ्यावेत. सकाळचे तिरपे ऊन किंवा रात्री बाजूने धरलेली विजेरी यांत झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. साफसफाईसाठी साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. संगमरवर हा मूलतः चुन्याचाच दगड असल्यामुळे आम्ल लागताच तो विरघळतो, म्हणून फरशी धुण्याचे आम्ल, लिंबू किंवा चिंच यांपैकी काहीही लावू नये. तारेचा ब्रशही वापरू नये. अक्षरांत ऑइलपेंट भरण्याचा मोह फार होतो. तो पापुद्रे होऊन सुटतो, त्याच्याखाली ओल राहते आणि दोन-तीन वेळा रंग भरल्यावर अक्षरांच्या कडाच नाहीशा होतात. मूळ रंग अंधुक उरला असेल तर तो तसाच राहू द्यावा.

काढण्याचे काम जेसीबी येण्याच्या दिवशी करू नये. अनुभवी पाथरवट किंवा जुन्या चुन्याच्या बांधकामाची माहिती असलेला गवंडी बोलवावा आणि छिन्नी शिळेच्या कडेवर न चालवता भोवतालच्या दरजांवर चालवण्यास सांगावे. शिळा चुन्यात बसवलेली असेल तर ती सहसा सुटते. मागाहून कोणी सिमेंटने पक्की केली असेल तर ती ओढून काढू नये, भोवतालच्या दगडांसकट एक तुकडा मोकळा करावा आणि सिमेंट नंतर सावकाश उतरवावे. निघालेली शिळा आडवी ठेवली तर स्वतःच्या वजनाने मधोमध तडकते. ती काठावर उभी, लाकडी फळीला टेकवून, खाली गोणपाट घालून ठेवावी. पाठीमागची बाजूही जरूर पाहावी, कारण तेथे कधी कधी कारागिराच्या खुणा असतात. पुन्हा बसवताना चुन्याचाच मसाला वापरावा. सिमेंटमधील क्षार संगमरवरात उतरतात आणि काही वर्षांत तो पिठासारखा झडू लागतो.

आवारात वीरगळी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे जुने कोरीव दगड, असतील तर त्यांचीही नोंद याच वेळी करावी. आपल्याकडे चावडीच्या आणि देवळाच्या आसपास त्या बहुधा असतातच. खालच्या चौकटीत लढाई, वरच्या चौकटीत अप्सरा वीराला नेत आहेत, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्याशी चंद्रसूर्य, असा त्यांचा क्रम असतो. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळींवरही नाव नसते. बांधकामात त्या इमारतीच्या पायामध्ये भरल्या गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

नव्या ग्रॅनाइटच्या पाटीविषयी शेवटी लिहितो. ती करण्यास माझी हरकत नाही, पण ती जुन्या शिळेच्या शेजारी असावी आणि तिच्यावर जुन्या शिळेत नाही तेवढेच असावे. आधी जुन्या मजकुराचा मराठी अर्थ, त्याखाली सापडलेली नावे, आणि प्रत्येक नावापुढे बापाचे नाव, वाडी, पलटण, मृत्यूची तारीख आणि ज्या स्मारकावर त्याची नोंद आहे ते स्मारक. नावांचा क्रम वर्णानुक्रमे ठेवावा, हुद्द्याने किंवा घराण्याने नको. ‘शहीद’, ‘हुतात्मा’ अशी विशेषणे न लावता साधे नाव द्यावे. देणगीदारांची, सरपंचांची आणि पदाधिकाऱ्यांची नावे या पाटीवर अजिबात घालू नयेत, त्यांच्यासाठी इमारतीच्या उद्घाटनाची कोनशिला आहेच. पाच नावे पूर्ण झाली नाहीत तर तेवढ्या ओळी कोऱ्या सोडाव्यात, आणि दगड पुन्हा कोरता येईल अशा उंचीवर व जागेत बसवावा. एका गावात आम्ही अशा दोन ओळी कोऱ्या ठेवल्या होत्या. त्यांपैकी एक सहा वर्षांनी भरली, दुसरी अजून कोरी आहे आणि गावातील मुले ती कोणाची असेल असे येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारतात.

आपल्या शिळेचा बाजूच्या प्रकाशातील फोटो, गावाच्या नावाची जुन्या नकाशांवरील रूपे आणि १९१५ ते १९२२ च्या वारस फेरफारांतील नावांची यादी एवढे पाठवल्यास बसऱ्याच्या याद्यांशी ताडून पाहण्याच्या कामात मी आनंदाने मदत करीन. चावडी पाडण्याचा दिवस ठरण्याआधी हे झाले तर बरे, म्हणजे पहिले नाव हाती घेऊनच आपल्याला ग्रामसभेत उभे राहता येईल.